हमीदाआपा आणि फटकी गाड्या

परवा सूनबाईने माझ्या शिलाई मशीनचा खण साफ करायला काढला. खणात काय असणार? बॉबिना, खडू, तुटक्या सुया, आणि रेक्झिनच्या बोटभर पिशवीत एक वाळलेली मिरची. लाल होती कधी, आता काळपटच झाली आहे. ती तिने सुपलीत टाकली तशी मी म्हटलं, "ती ठेव."

"आई, घरात बरणीभर मिरची आहे. ही एकटी वाळकी कशाला?"

मी मिरची उचलली, कानाशी नेऊन हलवली. आतलं बी वाजलं. मग पिशवीत घालून परत खणात ठेवली. सून चांगल्या स्वभावाची, तिने पुढे विचारलं नाही. पण रात्रभर मनातून जाईना, म्हणून सकाळी ही वही काढली. मी काही लिहिणारी बाई नाही. शाळा सातवीपर्यंत, आणि धंदा शिकले तो जुनी सीटकव्हरं उसवून उसवून. कुठली शिवण कुठे वळते ते उसवताना कळतं. तसंच लिहीन म्हणते. हमीदाआपाला जरा उसवून पाहते.

आपा वारली त्याला आता वर्ष होईल. नवापूरला, मुलीच्या घरी. मला निरोप दोन दिवसांनी मिळाला.

आमची ओळख विनोदशेठच्या गाड्यांच्या शोरूममधली. नंदुरबारात नवापूरच्या रस्त्याला ते शोरूम. पुढे काचा, टाइल्स, झुळझुळीत पडदे. मागे पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये एका बाजूला गाड्या धुवायच्या, दुसऱ्या बाजूला माझं मशीन. नवीन गाडी घेणाऱ्याला सीटकव्हर लागतंच. कंपनीची सीट कितीही चांगली असो, आपल्या माणसाला वरून काहीतरी घातल्याशिवाय गाडी आपली वाटत नाही.

आपा आली ती गाड्या पुसायला. त्याआधी तीसेक वर्षं मिरचीच्या पथारीवर काम केलेलं. ज्याने नंदुरबार पाहिलं नाही त्याला सांगते, आमच्याकडे मिरचीचा बाजार मोठा. मोकळ्या मैदानात मैदानभर मिरची वाळत घालतात, ती पथारी. बायका ओळीने बसून देठ खुडतात आणि माल निवडतात. चांगली लाल मिरची एकीकडे, आणि जिचा रंग उडाला, पांढरट डाग पडले, ती दुसरीकडे. ती फटकी. तीस वर्षं आपाने फटकी निवडली. त्यात तिच्या डाव्या डोळ्याला कायमचं पाणी लागलं. हसली तरी रडल्यासारखी दिसायची. नवीन गिऱ्हाईक घाबरायचं. म्हणायचं, "बाई का रडताहेत? गाडीत काही आहे का?"

मिरचीने आग होऊ नये म्हणून हाताला तेल लावायची सवय मात्र पथारी सुटल्यावरही गेली नाही. कमरेला तिळाच्या तेलाची छोटी बाटली. सकाळी आली की आधी दोन्ही पंजांना तेल चोळणार, मग फडक्याला पुसणार, मग कामाला हात. आणि गाडीत बसायचं झालं तर चपला बाहेर काढून. पंकज म्हणायचा, "आपा, आत पाय पुसायला मॅट आहे." ती म्हणायची, "मॅट त्यास्नी, ज्यास्नी गाडी शे."

हा पंकज म्हणजे शोरूमचा इंजिनिअर. धुळ्याचा, तिशीतला, लग्नाला वर्ष झालेलं, आणि कपाळावर कायम काळजी. गाडी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तपासायचं काम त्याचं.

आपा मला नावाने कधी बोलावत नसे. "ओ दर्जीण." घरी हिंदी, बाजारात अहिराणी, आणि रागावली की दोन्ही एकदम.

तर ती नवीन इलेक्ट्रिक गाडी आली, तिथून खरी गोष्ट. लहान, गोलसर, सामान्य माणसाला परवडेल अशी म्हणून कंपनीने काढलेली. पहिल्या सहा गाड्या लांबलचक ट्रेलरवरून उतरल्या तेव्हा अर्धं गाव बघायला. मिरचीचे व्यापारी आले, रिक्षावाले आले, शाळा सुटली तशी शाळाही आली. सगळ्यांचा प्रश्न एकच, "चालू झाली का?" कारण कळतच नव्हतं. काही घुरघुर नाही, थरथर नाही. एक मोठे पुढारी हौसेने चालवायला बसले. चालू झाली नाही असं समजून त्यांनी पाय जोरात दाबला, आणि गाडी जी निघाली ती फुलांच्या कमानीतून थेट. कुणाला लागलं नाही. पुढारी कमानीसकट उतरले, गळ्यातला हार कुठला आणि कमानीचा कुठला ते कळेना. आपा माझ्या कानाला लागून म्हणाली, "दर्जीण, हाई गाडी मांजर शे. येस कव्हय, जास कव्हय, पत्ता नही."

त्याच संध्याकाळी गाड्या आत लावताना पंकज चालवत होता आणि आपा पुसायला म्हणून मागे बसलेली. शेडच्या तोंडाशी एक उंचवटा आहे. त्यावरून गाडी गेली तशी आपा म्हणाली, "थांब. बी वाजी ऱ्हायनं."

"काय वाजतंय?"

"बी. मिरचीमा वाजस ना, तसं. हाऊ डावा दरवाजामा."

पंकजला काही ऐकू आलं नाही. मलाही आलं नाही, मी तर मुद्दाम जाऊन बसले. पण आपा उतरेना. "हाई गाडी फटकी शे," म्हणून बसून राहिली. शेवटी पंकजने वैतागून दरवाजाचं आतलं आवरण काढलं, तर आत एक स्क्रू मोकळा पडलेला. एवढासा. कारखान्यात कुणाच्या हातून पडला असेल. पंकज तो स्क्रू तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिला.

मग त्यानेच मला समजावलं. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाचा आवाज सगळ्यावर पांघरूण घालतो. या गाडीत पांघरूणच नाही. सैल क्लिप, अर्धवट बसलेलं रबर, काहीही असो, गिऱ्हाइकाला ते आज ना उद्या ऐकू येणार. नवीन गाडी, लोक आधीच साशंक. त्यात दहातल्या दोन गाड्या खुळखुळत निघाल्या तर जिल्ह्यात तिसरी विकली जायची नाही.

आणि आपाचा कान असा, की वाळलेली मिरची हलवून ती सांगायची, हिला अजून दोन उन्हं पाहिजेत. "मिरचीमा बी वाजनं तं माल चोखा," ती म्हणायची, "अन गाडीमा वाजनं तं फटकी. उलटं कामकाज शे तुमनं."

एकदा मी विचारलं, आपा, तुला कळतं कसं? म्हणाली, "चोखी मिरची मले दखातच नही, दर्जीण. हात आपोआप फटकीवर जास."

विनोदशेठ हुशार. त्यांनी आपाचं पुसण्याचं काम काढून घेतलं आणि सांगितलं, आपा बसून आल्याशिवाय गाडी गिऱ्हाइकाला द्यायची नाही. पंकजच्या तपासणीचा कागद इंग्रजीत, चांगला लांब. आपाला वाचता येत नव्हतं. तिने आपली खूण काढली. गाडी पास झाली की पिशवीतून एक चोखी मिरची काढायची, कानाशी हलवायची, आणि डाव्या बाजूच्या कप्प्यात ठेवून द्यायची. बस. कप्प्यात मिरची म्हणजे गाडी पास.

लोकांना ते इतकं आवडलं म्हणून सांगू. गाडी घ्यायला येणारा माणूस बॅटरीचं विचारायचा, सुरतेपर्यंत जाईल का विचारायचा, चार्जिंग कुठे विचारायचा, आणि शेवटी हळूच, "आपानी पाही का?" नारळ फुटला, हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, की घरातली बाई आधी कप्पा उघडून मिरची बघायची. विनोदशेठ म्हणायचे, कंपनीने पेपरात पानभर जाहिरात दिली त्याने जेवढ्या गाड्या गेल्या नाहीत तेवढ्या या म्हातारीच्या मिरचीने गेल्या. आपाला म्हातारी म्हटलेलं आवडायचं नाही. माझ्यापेक्षा ती दोन वर्षांनी मोठी, पण ते ती कबूल करत नसे.

एकदा कंपनीचे साहेब आले, हातात टॅबलेट. द्यायला तयार असलेली गाडी त्यांनी उघडली, कप्पा उघडला.

"हे काय?"

"मिरची, सर," पंकज म्हणाला.

"ते दिसतंय मला. इथे का आहे?"

"गाडी पास झाल्याची खूण आहे, सर."

"कोणी पास केली?"

पंकजने शेडकडे बघितलं. आपा तेव्हा पंजांना तेल चोळत बसलेली, डावा डोळा वाहतोय.

साहेब पुष्कळ वेळ टॅबलेटवर लिहीत राहिले. मग म्हणाले, चला आजी, माझ्याबरोबर एक चक्कर. आजी म्हटल्यावर आपाचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण चपला काढून बसली. परत आले तेव्हा साहेब गप्प, आणि आपा ओढणीआड हसतेय. पंकजने नंतर सांगितलं. उंचवट्यावर आपा म्हणाली, बी वाजतंय. साहेब म्हणाले, काही वाजत नाही. आपा म्हणाली, "गाडीमा नही साहेब. तुमना खिसामा गोळ्या शेतस का?" साहेबांच्या वरच्या खिशात रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी.

पुढे कंपनीचा कागद आला. विनोदशेठनी मोठ्याने वाचून दाखवला: कप्प्यात बाहेरची वस्तू आढळली. आपा म्हणाली, "बाहेरनी कसाले? नंदुरबारनीच शे." त्यावर विनोदशेठनी कागद घडी करून खिशात घातला आणि मिरची चालू राहिली.

आता तिची फजिती पण सांगते, नाहीतर म्हणाल की मैत्रिणीचं गोडच तेवढं लिहिते. लोणखेड्याचे एक निवृत्त गुरुजी होते. पाच वेळा येऊन गाडी चालवून बघितली, पाचही वेळा वहीत टिपणं केली, सहाव्यांदा घेतली. तिसऱ्या दिवशी हजर. "काहीतरी वाजतंय. डाव्या अंगाला. खुळखुळ, खुळखुळ." त्या दिवशी आपा नवापूरला मुलीकडे गेलेली. पंकजने पुढचा सगळा भाग खोलला, अर्धा दिवस घातला, काही सापडेना. गुरुजी शेजारी वही घेऊन उभे, प्रत्येक स्क्रू मोजतायत. दुसऱ्या दिवशी आपा आली, गाडीत बसली, उंचवट्यावरून नेली, आणि एकदम हात लांब करून कप्पा उघडला. मिरची काढली. हलवली.

"हाईच वाजी ऱ्हायनी," ती म्हणाली.

इतकी बिनआवाजाची गाडी, तिच्यात पास झाल्याची खूणच वाजत होती. गुरुजी आधी हसले, मग पंकज, मग मी. आपा शेडच्या फरशीवर बसली आणि इतकी हसली की उजव्या डोळ्यातूनही पाणी आलं. तेव्हापासून मी रेक्झिनच्या तुकड्यांच्या बोटभर पिशव्या शिवायला लागले. मिरची पिशवीत, पिशवी कप्प्यात, म्हणजे वाजणार नाही. दुपारी कव्हरांचं काम आटोपलं की पाच-दहा पिशव्या शिवून ठेवायचे. आपा एकेक उलटून, टाका ओढून बघायची. माझ्या पिशव्यांतसुद्धा तिला फटकी सापडायची. पंधरवड्यात एक तरी परत यायची.

माझ्या मशीनचंही तिला कळायचं. मी काम करत असले की पलीकडून आवाज, "दर्जीण, सुई बोथट व्हयनी तुन्ही, बदल." आणि खरंच असायची.

म्हणून तर मला समजलं.

थंडीचे दिवस होते. जाड रेक्झिन शिवताना माझी सुई मोडली, तुकडा खाली अडकला आणि मशीन असं कडकडलं की बाहेर गाडी धुणारा वळून बघायला लागला. आपा माझ्याकडे पाठ करून चार हातांवर मिरच्या निवडत बसलेली. तिने मान वर केली नाही. मी मुद्दाम मोडकी सुई आणखी दोनदा फिरवली. कडकड, कडकड. ती निवडतेच आहे.

मी जाऊन तिच्या पुढ्यात बसले. "किती दिवसांपासून?"

समोर बसून बोललं की तिला कळायचं, मोठे आवाजही कळायचे. बारीक आवाज तेवढे गेले होते. नेमके ते.

"पावसायापासून," ती म्हणाली. मग मिरचीचा देठ खुडत म्हणाली, "पहिले डोया लिधा, आते कान. सांगू नको कोनले."

"आणि गाड्या?"

"गाड्या पास व्हई ऱ्हायन्यात ना? कोनी परत उनं का?"

कोणी आलं नव्हतं खरं. तिने दुसरी रीत काढली होती. पंजाला तेल लावून तो दरवाजावर, डॅशवर, सीटच्या पाठीवर सपाट ठेवायचा. हाताला थरथर कळते म्हणायची. आणि गेले काही महिने गाडी बघायला जाताना मला म्हणायची, "चाल दर्जीण, सीटनं माप घी." मी बापडी टेप घेऊन शेजारी बसायची. मापाचं काही नसायचं. पंकज चालवतोय, आपा डोळे माझ्याकडे लावून बसलीय. मला वाटायचं, माझ्या टेपकडे बघतेय.

तिच्याबरोबर बसून बसून माझाही कान तयार झाला होता, ते त्या दिवशी तिनेच सांगितलं. "तुले आयकू उनं की तुन्ही भुवई हालस. तुन्हं तोंड मन्हा कान शे."

हे बरोबर नाही असं मनात आलं. शोरूमच्या भरवशावर माणसं बायकापोरांना बसवून घाट चढतात. पण तिला दुसरं काय होतं सांगा. नवरा पथारीच्याच धुळीने गेलेला, मुलगी तिच्या संसारात. आणि या गावात आयुष्यात पहिल्यांदा लोक तिला विचारत होते, आपा, तुम्ही बघितली का? पथारीवर तीस वर्षांत तिला कोणी नावाने विचारलं नव्हतं. तिला त्या विचारण्याची ओढ लागली होती, आणि मला तिच्या शेजारी बसण्याची. मी गप्प राहिले. रोज टेप घेऊन जात राहिले, आणि कान असे टवकारून ऐकायला लागले की घरी कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी, म्हणजे आंडेरी, माहेरी येतात, झोके बांधतात, पुरणपोळी-आमरस होतो. माझ्या दोन्ही मुली आलेल्या, मी तीन दिवस सुट्टी घेतली. मुहूर्ताचा दिवस म्हणून शोरूममधून पाच गाड्या जायच्या होत्या. आपा म्हणाली, "जा तू. आंडेरी रोज थोड्याच येतीस? मी देखस."

त्या पाचांतली एक वनिता सिस्टरची. वनिता सिस्टर धडगावकडच्या, वर डोंगरातल्या एका दवाखान्यात नर्स. स्वतः गाडी चालवणाऱ्या आमच्याकडच्या पहिल्या काही बायकांतल्या त्या. रस्ता म्हणजे नुसती वळणं.

चार दिवसांनी सिस्टर आल्या. मी तेव्हा परत कामावर आले होते. तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता त्यांचा. "आपा, मागच्या सीटचं जरा बघता का? काल एका बाईला बाळंतपणासाठी खाली आणत होते. घाटात सीटची पाठ डुलायला लागली. बिचारीने दोन्ही हातांनी पुढची सीट धरून ठेवली पूर्ण घाट."

पंकजने सीट उचलली. पाठीचा बोल्ट अर्धाच आवळलेला होता, आणि तिथेच खुळखुळत होता. मला दहा हातांवरून ऐकू आलं. दहा मिनिटांत काम झालं.

आपा मात्र सिस्टरच्या समोरून हलली नाही. "त्या बाईले काय व्हयनं?"

"काही नाही आपा. मुलगी झाली. दोघी छान आहेत."

"मन्हा हात फिरेल व्हता त्या सीटवर," आपा म्हणाली. कोणाला, कळलं नाही.

मग तिनेच सगळ्यांसमोर कानांचं सांगून टाकलं, पण कोणी तिला बोल लावला नाही. विनोदशेठ उलट म्हणाले की चूक कारखान्याची आणि पंकजच्या कागदाची. पंकजने तर तिला ओढत सरकारी दवाखान्यात नेलं, कान तपासून घेतले, ऐकायचं मशीन मिळवून दिलं. तिने ते आठ दिवस लावलं. नवव्या दिवशी काढून तेलाच्या बाटलीशेजारी ठेवलं. मला म्हणाली, "यामा समदंच वाजस, दर्जीण. पंखा वाजस, मन्ही ओढणी वाजस, गाडी वाजस. समदं सारखंच. निवडता येत नही."

दुपारी माझ्यापुढे कागद ठेवला. "शेठले लिखी दे. मी काम सोडस."

मी खूप म्हटलं, मी आहे ना, बसत जाईन शेजारी. ती ऐकेना. ती जे सांगत होती ते असं: मी हमीदाबी, गाड्या बघायचं काम सोडते, कारण मी आता फटकी निघाले. ते मला लिहवेना. मी आपलं शाळेत शिकवलेलं लिहिलं, की प्रकृतीच्या कारणास्तव मला कामातून मुक्त करावे. आणि तोंडाने वाचताना तिने सांगितलेलं वाचलं. फटकी शब्दासकट. तिला अक्षर येत नव्हतं, कानही अर्धेच होते. कसं कळणार?

ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तू दुसरंच लिखेल शे," ती म्हणाली.

मी कागद फाडला आणि दुसरा घेतला. तिने सांगितलं तसं लिहिलं. फटकी हा शब्द लिहिताना पेन कागदात रुतलं, तिथे छेद पडला. तिने अंगठ्याला शाई लावली.

विनोदशेठनी वाचलं. "आपा, गाड्या नको बघू. चहापाणी बघ. बसून ऱ्हाय नुसती. तू दिसनी पाहिजे लोकास्नी."

"नही शेठ," आपा म्हणाली. "निवडेल फटकी कोनी परत ढिगमा टाकत नही."

दोन दिवसांनी ती नवापूरला मुलीकडे जायला निघाली. रेल्वेने जाणार होती, पण वनिता सिस्टर अडून बसल्या. त्यांना नवापूरला काम होतं की त्यांनी काढलं, देव जाणे. म्हणाल्या, माझ्याच गाडीतून चला. एक पत्र्याची पेटी, एक बोचकं. पंकजने पेटी मागे ठेवली आणि तोंड फिरवून उगाच टायरची हवा बघत बसला.

आपाने मिरच्यांची पिशवी पंकजला दिली. त्यातून एक मात्र काढून घेतली आणि माझ्याकडे आली. सवयीने आधी स्वतःच्या कानाशी हलवली. काही आलं नसणार. मग हात पुढे करून माझ्या कानाशी हलवली, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"वाजस?"

बारीक, कोरडा, स्वच्छ आवाज. "वाजस," मी म्हटलं.

"मंग पास." मिरची माझ्या मुठीत ठेवून तिने मूठ मिटली. हाताला तिचं तेल लागलं.

चपला काढून ती गाडीत बसली. चपला मांडीवर घेतल्या. सिस्टर म्हणाल्या, आपा, घाला हो पायात. ती हसली, डोळा वाहायला लागला. मला वाटलं वाटेत तहान लागेल, म्हणून शेडमधून पाण्याची बाटली आणायला वळले. बाटली भरली, झाकण लावलं. पेट्रोलची गाडी असती तर चालू झाल्याचं कळलं असतं. घुरघुरली असती, मी भरायचं सोडून धावले असते. या गाडीचं काही कळत नाही.

मी बाटली घेऊन बाहेर आले तेव्हा गाडी फाटकातून रस्त्याला लागली होती. हाक मारून उपयोग नव्हता. एवढंच दिसलं की डाव्या खिडकीतून तिचा हात बाहेर आला आहे. वाटलं, माझ्यासाठी हलवतेय. पण हात हलत नव्हता. तेलकट पंजा तिने बाहेरून दरवाजावर सपाट ठेवला होता, आणि फाटकासमोरच्या खड्ड्यावरून गाडी जाताना तो तसाच दाबून धरला होता.